समस्या निवारण : जुन्या गाडीत पॅकिंग आणि सील बदलूनही ऑइल पुन्हा का झिरपते?

ज्या गाडीच्या टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे) पॅकिंग वर्षभरात दोनदा बदलले आणि तरीही जिच्याखाली सकाळी रुपयाएवढा काळा डाग सापडतोच, अशा गाडीच्या मालकासाठी हे लिहीत आहे. माझी गाडी २००७ सालची, पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची आहे आणि हा त्रास सुरू झाला तेव्हा मीटरवर १,८७,००० किलोमीटर झाले होते. तिचे रोजचे चालणे फार थोडे आहे, साताऱ्यातल्या गोडोलीतून पोवई नाका आणि परत. महिन्यातून एकदोनदा मात्र ती यवतेश्वरचा घाट चढून कासवरून बामणोलीला जाते. रोजचे तुटपुंजे चालणे आणि मधूनच मोठी चढण, हा मेळ या दुखण्याला फार पोषक असतो, हे मला बऱ्याच खर्चानंतर कळले.

पहिल्यांदा टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ऑइल झिरपू लागले. एका गॅरेजमध्ये पॅकिंग बदलून घेतले. त्याच वेळी कव्हरवरून मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांकडे) जाणारा रबरी पाइप चिरलेला दिसला म्हणून तिथे दुसऱ्या पाइपचा तुकडा कापून बसवून दिला गेला. दोन महिने सगळे कोरडे होते, पण पावसाळा अर्ध्यावर येईपर्यंत तोच कोपरा पुन्हा ओला झाला. दुसऱ्या वेळी पॅकिंगवर सिलिकॉनचे सीलंटही लावले. कव्हर खरोखरच कोरडे राहिले, परंतु तीन महिन्यांनी क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) मागचे ऑइल सील गळू लागले, ऑइल क्लच प्लेटवर गेले आणि चढावर क्लच घसरू लागला. गिअरबॉक्स उतरवून सील आणि क्लच प्लेट बदलावी लागली. त्याचा खर्च दोन्ही पॅकिंगांच्या कितीतरी पट होता, आणि आठ महिन्यांत गिअरबॉक्स व इंजिन जोडले जातात तेथून पुन्हा थेंब पडू लागला. प्रत्येक वेळी नवा भाग बसला होता, कामही नीट झाले होते, तरी एक वाट बंद केली की ऑइल दुसरी वाट काढत होते.

उलगडा घाटात झाला. ऑगस्ट महिन्यात यवतेश्वरला पोहोचेपर्यंत गाडीत जळक्या ऑइलचा वास भरला, म्हणून कडेला थांबून बॉनेट उघडले. ऑइल मोजायची पट्टी तिच्या नळीतून दोन बोटे वर उचलली गेली होती. नळीच्या तोंडाभोवती ऑइलचे शिंतोडे होते आणि त्यांतले काही एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडून त्यांचा धूर होत होता. ती पट्टी निघताना मी स्वतः हाताने दाबून बसवली होती, म्हणजे तिला आतूनच कशाने तरी ढकलले होते. परत आल्यावर एमआयडीसीच्या बाजूला काम करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी पॅकिंगकडे पाहिलेही नाही. एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेला ब्रीदर पाइप काढला, आत बोट फिरवले आणि काळे झालेले बोट माझ्यापुढे धरून म्हणाले, "साहेब, तुम्ही सीलं बदलत बसलाय. आत कोंडलंय, त्याला वाट कुठनं देणार?"

कोंडणारा वायू आणि त्याची वाट

पिस्टनच्या रिंगा अगदी नव्या इंजिनातही पूर्ण हवाबंद नसतात. पेट्रोल पेटते तेव्हा सिलिंडरमधला थोडा वायू रिंगांच्या कडेने खाली उतरतो आणि क्रँक फिरतो त्या पोकळीत जमा होतो. पुस्तकात त्याला ब्लो-बाय म्हणतात, आपल्याकडच्या गॅरेजमध्ये मात्र त्याचे नाव 'बॅक कॉम्प्रेशन' असे आहे. या वायूत न जळलेले पेट्रोल असते, काजळी असते, आम्ल तयार करणारे घटक असतात आणि पाण्याची वाफ असते. वाफेचे प्रमाण पुष्कळांना खरे वाटत नाही, पण एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते, तरी जे थोडे खाली उतरते ते थंड इंजिनात ऑइलमध्येच राहते.

जुन्या काळी इंजिनाच्या बाजूने एक नळी रस्त्याच्या दिशेने खाली सोडलेली असे आणि चालत्या गाडीला लागणाऱ्या वाऱ्याने हा वायू बाहेर ओढला जाई. गाडी उभी असली की तो आतच कोंडे, आणि चालू असली की सगळा उघड्यावर जाई. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून हा वायू परत इंजिनात नेऊन जाळणारी व्यवस्था गाड्यांवर येऊ लागली. आज आपल्या पेट्रोल गाड्यांत जिला पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) म्हणतात ती मुळात तीच व्यवस्था आहे.

तिला दोन पाइप असतात आणि निदान करायचे तर हे दोन्ही वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिला, म्हणजे ब्रीदर पाइप, एअर फिल्टर आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) यांच्या मधून निघून टॅपेट कव्हरवर येतो. त्यातून गाळलेली ताजी हवा इंजिनाच्या पोटात शिरते. दुसरा पोटातला वायू ओढून इनटेक मॅनिफोल्डमध्ये सोडतो आणि त्याच्याच वाटेवर, काही गाड्यांत कव्हरवर तर काहींत मॅनिफोल्डच्या बाजूला, पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. हा अंगठ्याएवढा भाग म्हणजे एक नळी, तिच्यात सरकणारी एक छोटी दांडी आणि एक स्प्रिंग. गाडी उभ्याने चालू असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमधली ओढ सर्वांत जास्त असते, तेव्हा दांडी ओढली जाऊन वाट अरुंद करते. असे झाले नसते तर तेवढ्या हवेने आरपीएम बिघडले असते. सपाट रस्त्यावर ठरावीक वेगाने चालताना ओढ मध्यम असते, स्प्रिंग दांडीला मागे ढकलते आणि वाट रुंद होते. मॅनिफोल्डमध्ये उलटा भडका झाला तर दांडी वाट पूर्ण बंद करते, म्हणजे आग खाली पोहोचत नाही.

घाटात काय होते ते आता कळेल. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून गाडी चढत असते तेव्हा थ्रॉटल उघडा असतो, म्हणून मॅनिफोल्डची ओढ जवळजवळ संपते, आणि नेमके त्याच वेळी सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त असल्याने खाली उतरणारा वायूही सर्वांत जास्त असतो. व्हॉल्व्हमधून तो सगळा मावत नाही. उरलेला ताज्या हवेच्या पाइपातून उलटा, एअर फिल्टरच्या बाजूला जातो आणि थ्रॉटलमधून ओढला जाऊन जळतो. व्यवस्था अशीच आखलेली असते. परंतु दोन्ही वाटा तुंबलेल्या असतील तर दाब सीलवर, पॅकिंगवर आणि शेवटी पट्टीवर येतो. क्रँकचे ऑइल सील ऑइल अडवण्यासाठी केलेले असते, आतून सतत येणारा दाब पेलण्यासाठी नव्हे. म्हणूनच शहरात दोन महिने कोरडी राहिलेली गाडी कासला एकदा जाऊन आली की पुन्हा ओली दिसते.

लक्षणांवरून बिघाड कोणत्या जातीचा आहे याचा अंदाज येतो. वाट तुंबली असेल तर गळती, वर आलेली पट्टी, ऑइलने भिजलेला एअर फिल्टर आणि ऑइलमध्ये वेगाने साचणारा गाळ ही चिन्हे दिसतात. व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल तर गळती होत नाही, उलट उभ्याने आरपीएम चढे किंवा अस्थिर राहतात आणि गाडी ऑइल ओढून जाळते, म्हणजे पट्टीवरची पातळी उतरते पण खाली डाग मात्र नसतो. मॅनिफोल्डकडचा पाइप चिरला असेल तर इंजिन बाहेरची हवा घेते. बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, आरपीएम चढतात, काही गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनर मिश्रण पातळ असल्याचा पी-०१७१ हा कोड दाखवतो. या कोडवर ऑक्सिजन सेन्सर बदलून घेतलेले लोक मला भेटले आहेत. तो बदलण्याआधी या पाइपाची पूर्ण लांबी हाताने चाचपून पाहणे फुकट आहे.

तपासणी

गाडी सपाटीवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करावी. बाह्या आणि गळ्यातले काही सैल असेल तर आवरून घ्यावे, कारण पट्टा आणि पंखा जवळच फिरत असतात. सर्वांत आधी ऑइलची पातळी पाहावी. ती वरच्या खुणेच्या वर असेल तर फिरता क्रँक ऑइल घुसळून फेस करतो आणि व्यवस्था निर्दोष असूनही ऑइल ब्रीदरमध्ये जाते. नव्या ऑइलच्या डब्यात थोडेसे उरले म्हणून सगळे ओतून टाकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे, ती या बाबतीत घातक आहे.

नंतर इंजिन थंड असताना दोन्ही पाइप काढून हातात घ्यावेत. केवळ वरून पाहू नये. माझ्या गाडीत व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला तर टकटक स्वच्छ वाजत होता, आणि ही एकच चाचणी करून थांबलो असतो तर व्यवस्था ठीक आहे असाच निष्कर्ष निघाला असता. दोष पाइपात होता. पहिल्या कामाच्या वेळी बसवलेला तो तुकडा साध्या पाण्याच्या पाइपाचा होता. बाहेरून तो नव्यासारखा काळा आणि गुळगुळीत दिसत होता, पण मिस्त्रींनी ब्लेडने उभा चिरला तेव्हा आतले रबर ऑइलने फुगून लोण्यासारखे मऊ झालेले दिसले, आणि वळणावर, क्लिपच्या दोन बोटे अलीकडे, काडेपेटीतली काडी जेमतेम जाईल एवढेच भोक उरले होते. गरम झाल्यावर आणि ओढ लागल्यावर तेही मिटत असणार. साधे रबर ऑइलच्या वाफेत टिकत नाही. इथे गाडीचा मूळ वळणाचा पाइपच लागतो, आणि तो मिळत नसेल तर ऑइल व पेट्रोल सोसणारा, आत धाग्याचा थर असलेला, त्याच आतील व्यासाचा पाइप घ्यावा. सरळ पाइप वाकवून बसवला की वळणावर तो चपटा होतो, हेही ध्यानात ठेवावे.

व्हॉल्व्हची टकटक वाजली तर दांडी सुटी आहे एवढेच सिद्ध होते. पुढे स्वच्छ नळीचा तुकडा लावून कव्हरच्या बाजूने हलके फुंकावे, हवा सहज गेली पाहिजे. मॅनिफोल्डच्या बाजूने फुंकल्यास ती अडली पाहिजे किंवा फार कष्टाने गेली पाहिजे. तोंडाने ओढून मात्र कधीही पाहू नये, आतला चिकटा विषारी असतो. इंजिन चालू करून व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट ठेवले की ओढ स्पष्ट जाणवावी आणि बोट ठेवताच व्हॉल्व्ह 'टक्' असा वाजावा. व्हॉल्व्हजवळ ओढ नसेल तर एक एक टप्पा मॅनिफोल्डकडे सरकत जावे. पाइप मॅनिफोल्डमध्ये शिरतो ते छोटे भोकही कार्बनने बुजते आणि तिकडे कोणी पाहत नाही.

मला सर्वांत जास्त भरवशाची वाटलेली चाचणी गवंड्याच्या सामानातून आली आहे. लेव्हल घेण्यासाठी गवंडी जी पारदर्शक नळी वापरतात तिचा दोन-अडीच मीटरचा तुकडा घ्यावा, इंग्रजी यू अक्षरासारखा फळीवर बांधावा आणि दिसावे म्हणून चिमूटभर कुंकू घातलेले पाणी निम्म्यापर्यंत भरावे. नळीचे एक टोक ऑइलच्या पट्टीच्या नळीत रबरी बुचाने घट्ट बसवावे आणि दुसरे मोकळे ठेवावे. इंजिन गरम करून उभ्याने चालू ठेवले की निरोगी गाडीत इंजिनाच्या बाजूचे पाणी किंचित वर ओढले जाते. दोन्हीकडे पातळी सारखी राहिली तरी चालते, पण पाणी मोकळ्या टोकाकडे ढकलले जात असेल तर पोटात दाब आहे. पाइप बदलण्याआधी माझ्या गाडीत २५०० आरपीएमला दोन्ही पातळ्यांत ९ सेंटिमीटरचा फरक पडला होता, आणि तो चुकीच्या बाजूला. फळी इंजिनापेक्षा खाली टांगावी आणि चाचणी चालू असताना ताज्या हवेचा पाइप मुळीच बंद करू नये, नाहीतर ओढ वाढून पाणी इंजिनात शिरू शकते. काही इंजिनांत पट्टीची नळी ऑइलच्या पातळीखाली उतरलेली असते, तिथे हे मोजमाप फसते. अशा वेळी जुन्या ऑइल कॅपला भोक पाडून तिच्यातून नळी घ्यावी.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी गरम इंजिन उभ्याने चालू ठेवून ताज्या हवेचा पाइप एअर फिल्टरच्या बाजूने सोडवावा आणि त्याच्या तोंडावर पातळ कागद धरावा. मिनिटभरात कागद तोंडाला चिकटून राहिला तर ओढ आहे. कागद उडत राहिला तर एकतर वाट तुंबली आहे, कुठेतरी हवा आत शिरते आहे, किंवा रिंगांमधून वायू वाजवीपेक्षा जास्त येतो आहे.

व्हॅक्यूम गेज वापरणाऱ्यांसाठी एक स्थानिक सूचना. समुद्रसपाटीवर उभ्याने चालणाऱ्या निरोगी इंजिनाची ओढ साधारण ४५० ते ५३० मिलिमीटर पारा असते आणि दर ३०० मीटर उंचीला ती सुमारे २५ मिलिमीटरने कमी दिसते. सातारा शहर सुमारे ७०० मीटरवर आहे आणि कासचे पठार सुमारे १२०० मीटरवर. इथे ४०० च्या पुढचा आणि स्थिर काटा दिसला तर पुस्तकातला आकडा भरत नाही म्हणून इंजिन उघडायला घेऊ नये.

कव्हरच्या आतला गाळ

पाइप बदलून माझ्या गाडीत फरक पडला, पण पुरता नाही. पाण्याच्या नळीत फरक ९ सेंटिमीटरवरून ४ वर आला आणि तिथेच थांबला. याचे कारण टॅपेट कव्हरच्या आत होते. वायू बाहेर जाण्याआधी त्यातले ऑइलचे कण गळून पडावेत म्हणून कव्हरच्या आतल्या बाजूला पत्र्याचा एक आडोसा बसवलेला असतो. त्यात वळणे असतात आणि गळलेले ऑइल परत खाली जाण्यासाठी बारीक भोके असतात. थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांमुळे त्या वळणांत काळा, डिंकासारखा गाळ बसला होता. भोके बुजली की ऑइल तिथेच साचते आणि वायूबरोबर ओढले जाते. म्हणून ज्यांच्या गाडीत नवा व्हॉल्व्ह लावूनही ब्रीदर पाइपात ऑइल येत राहते, त्यांनी पुढचा खर्च करण्यापूर्वी कव्हर उतरवून उलटे करून पाहावे.

हा आडोसा बहुतेक ठिकाणी रिव्हेट मारून किंवा वेल्डिंगने पक्का केलेला असल्याने तो सुटा होत नाही. आम्ही कव्हर घमेल्यात रॉकेलऐवजी डिझेल ओतून रात्रभर भिजत ठेवले, सकाळी नवे डिझेल घेऊन खळखळून हलवले, आणि जे बाहेर आले त्यात मसुरीएवढे कडक काळे खडे होते. असे तीनदा करावे लागले. शेवटी पेट्रोल वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. कार्ब क्लीनरचा फवारा मोकळ्या हवेत मारावा आणि नंतर कॉम्प्रेसरच्या हवेने प्रत्येक भोकातून हवा पार जाते याची खात्री करावी. एक जरी खडा आत राहिला तरी तो सुटून ऑइलच्या जाळीकडे जाऊ शकतो. कव्हर प्लास्टिकचे असेल तर कडक द्रावण वापरू नये, तसेच घासण्यासाठी वाळू किंवा पॉलिश पेपर मुळीच घेऊ नये.

व्हॉल्व्ह धुऊन परत लावावा की नवा घ्यावा? माझे मत नवा घ्यावा असे आहे. धुतलेला व्हॉल्व्ह टकटक वाजतो, पण एवढ्या किलोमीटरनंतर आतली स्प्रिंग दमलेली असते, आणि ती दिसत नाही. नवा व्हॉल्व्ह माझ्या गाडीच्या एका वेळच्या ऑइलपेक्षा स्वस्त पडला. तो आपल्याच इंजिनाच्या क्रमांकाचा असावा. दिसायला सारखे असलेले दोन व्हॉल्व्ह वेगवेगळ्या इंजिनांसाठी वेगवेगळी हवा सोडतात, त्यामुळे 'बसतो ना, मग चालेल' हा न्याय इथे लागू होत नाही. व्हॉल्व्ह ज्या रबरी बुशमध्ये बसतो ती बुशही लाकडासारखी कडक झालेली असते, तिलाही त्याच वेळी बदलावे.

सगळे बसवून झाल्यावर नळीचे पाणी उभ्याने इंजिनाच्या बाजूला २ सेंटिमीटर ओढले गेले. तेव्हाच, आणि त्यानंतरच, कव्हरचे पॅकिंग तिसऱ्यांदा बदलले, सीलंटशिवाय. दाब असताना ताणले गेलेले सील नंतर आपोआप सुधारत नाही, हे खरे आहे. पण क्रम उलटा केला की नवे सीलही वाया जाते.

जे उपाय करू नयेत

ब्रीदर पाइप काढून त्याचे तोंड खाली सोडून देणे हा सर्वांत जास्त सुचवला जाणारा उपाय आहे. दाब उतरतो, गळती थांबते आणि काम झाल्यासारखे वाटते. परंतु ओढ नाहीशी झाल्याने वाफ आणि पेट्रोल ऑइलमध्येच राहतात, उघड्या तोंडातून धूळ आत जाते, इंजिनाच्या पोटातला वायू थेट आपल्या गल्लीतल्या हवेत सुटतो, आणि पेट्रोल गाडीच्या बाबतीत तसा तो सोडण्यास नियमांची मुभाही नाही. ऊसतोडीच्या दिवसांत कोरेगाव किंवा कराडकडच्या रस्त्यांवर जी धूळ उडते ती उघड्या ब्रीदरमधून बेअरिंगपर्यंत जाऊ देणे हा इंजिनावर अन्याय आहे. पट्टी वर येते म्हणून तिला तारेने बांधून टाकणे हाही असाच उपाय. दाब मग सीलकडे वळतो. जाड ऑइल भरल्याने गळती काही दिवस मंदावते, पण थंडीतल्या सकाळी ते वरपर्यंत उशिरा पोहोचते.

वाट मोकळी असूनही दाब राहिला तर

मग रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्याकडे वळावे लागते. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी आणि चारही सिलिंडरांचे आकडे लिहून घ्यावेत. गाडीच्या पुस्तकातल्या किमान आकड्याशी ते ताडावेत आणि आपसांतला फरक १ बारच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे का ते पाहावे. ज्या सिलिंडरचा आकडा पडलेला असेल त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या सीटकडे असण्याची शक्यता जास्त. ऑइल कॅप उलटी ठेवून ती उडते का पाहण्याची पद्धत सगळीकडे वापरली जाते, परंतु काही इंजिनांत ती निरोगी असतानाही थरथरते, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून कोणी बोअर-रिंगचे काम सांगत असेल तर आधी कॉम्प्रेशनचे आकडे मागावेत. यवतेश्वर उतरताना गिअरमध्ये पाय सोडून यावे आणि खाली सपाटीला लागताच एकदम ॲक्सिलरेटर दाबावा. त्या क्षणी मागे निळा धूर निघाला तर तो बहुधा व्हॉल्व्ह गाइडच्या सीलचा असतो. चढताना सतत निळा धूर असेल तर रिंगांचा संशय घ्यावा.

डिझेल गाड्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल गाडीसारखी ओढ नसते, म्हणून वायू ऑइल गाळणाऱ्या एका कप्प्यातून टर्बोच्या आधीच्या पाइपात सोडलेला असतो. तिथे ऑइलचा पातळ थर असणे नेहमीचे आहे. टर्बो ऑइल टाकतो असे सांगितले गेले तर टर्बो उतरवण्याआधी हा कप्पा तपासावा, कारण टर्बोतले ऑइल आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरते आणि चेंबरमध्ये दाब असेल तर ते उतरू न शकल्याने टर्बोच्या सीलमधून बाहेर येते. चांगला टर्बो यापायी बदलला जाऊ शकतो.

गॅस किट लावलेल्या गाड्यांत वाफ अधिक तयार होते, म्हणून गाळाचा प्रश्न लवकर येतो. आणि मॅनिफोल्डमध्ये एकदा जरी भडका झाला असेल तर दोन्ही पाइप जागेवर आहेत का ते त्याच दिवशी पाहावे.

पुढची देखभाल

पावसाळ्यात आणि थंडीत ऑइल कॅपच्या आत सायीसारखा पिवळट पांढरा थर दिसला की हेड गॅस्केट गेली असे समजून घाबरण्याची गरज नाही. कूलंटची पातळी उतरत नसेल आणि पट्टीवरचे ऑइल स्वच्छ असेल तर ती बहुधा छोट्या फेऱ्यांमुळे साचलेली वाफ असते. गोडोली ते पोवई नाका या अंतरात पाणी गरम होते, ऑइल होत नाही. मी आता आठवड्यातून एकदा गाडी महामार्गाने नागठाण्यापर्यंत नेऊन आणतो. अर्ध्या तासाच्या एकसंध चालण्याने ऑइल पुरते तापते, वाफ निघून जाते आणि कॅपची साय नाहीशी होते. ऑइल १०,००० किलोमीटरऐवजी ५,००० ला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, बदलतो आणि त्याच वेळी दोन्ही पाइप काढून वळणावर दाबून पाहतो. एअर फिल्टरच्या डब्यात ब्रीदर जिथे उघडतो तो कोपरा पांढऱ्या कापडाने पुसला की कापडच सांगते. फिकट तपकिरी डाग ठीक, ओला काळा डाग आला की गवंड्याची नळी बाहेर काढायची.

काम होऊन दोन पावसाळे झाले. मीटरवर आता २,०६,००० किलोमीटर आहेत, मागचे सील पुन्हा बदलावे लागलेले नाही, आणि गेल्या महिन्यात बामणोलीहून परतताना यवतेश्वरला मुद्दाम थांबून बॉनेट उघडले तेव्हा पट्टी आपल्या जागी पूर्ण खाली बसलेली होती.